तेलाआधी पिठाचा डबा पाहा

जतमध्ये कुणाचे केस अचानक गळू लागले, तर घरातून पहिला सल्ला येतो तो माक्याच्या तेलाचा. माझं म्हणणं एवढंच, की आयुर्वेदाच्याच नियमाने तेल हा पहिला उपाय नाही. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरात काय झालं ते आठवा. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की पुंजकाच हातात, आणि चार दिवसांत टक्कल. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला, बुरशीवर गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र लोकांच्या ताटाकडे पाहिलं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेलं होतं, जस्त कमी पडलं होतं. रेशनच्या गव्हात किलोमागे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम सापडलं आणि गहू धुऊनही ते फारसं उतरलं नाही. गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, आणि केसगळतीचं मूळ त्यातच, असं त्यांचं मत. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे बऱ्याच आधीपासून ठाऊक आहे. अशा वेळी डोक्याला कितीही तेल चोळलं, तरी भाकरी-चपातीतून विष पोटात जातच राहणार.

यालाच वैद्य निदानपरिवर्जन म्हणतात: ज्याने रोग झाला ते आधी बंद करायचं. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्ताची, म्हणजे आपल्याकडच्या चाईची, कारणमीमांसा आहे. बिघडलेलं पित्त वाताबरोबर केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतं, मग रक्तासह कफ ती छिद्रं बुजवतो. ही भाषा जुनी आहे. पण औषधाआधी कारण शोधायची शिस्त त्यात स्पष्ट दिसते.

'पण माक्याने केस परत आले, हे डोळ्यांनी पाहिलंय,' असं कुणी म्हणेल. पाहिलेलं खोटं नाही. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि बहुतेक वेळा पुढच्या काही महिन्यांत आपोआप उगवतात. तेल त्याच सुमारास सुरू झालेलं असतं, म्हणून श्रेय त्याला मिळतं. 'तेलाने नुकसान तर नाही ना?' माक्याच्या तेलाने सहसा नाही. ओलसर बांधावरचा माका, चुरगळला की रस काळा पडणारा, तिळाच्या तेलात मंद आचेवर शिजवतात. खालच्या चोथ्याची वात वळता आली आणि ती विस्तवावर चटचटली नाही, की तेल सिद्ध झालं. मालिशीला ते चांगलंच. पण चाईवर ग्रंथात गुंजेचा लेपही सांगितला आहे, आणि गुंज जहरी असते. ती घरी उगाळायची नाही. लहान मुलाच्या डोक्यात गजकर्ण असेल तर पोटातून औषध लागतं, आणि तेलात महिने गेले तर तिथे कायमचा व्रण राहू शकतो.

म्हणून वैद्याकडे जा किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे, आधी तीन महिन्यांचा हिशोब सांगा: ताप कधी आला, पाणी नव्या बोअरचं आहे का, गव्हाचं पोतं कुठून आलं, घरात आणखी कुणाचे केस गळतायत का. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि नखं दाखवायला विसरू नका. सेलेनियम जास्त झालं तर तीही ठिसूळ होतात, गळूनही पडतात.