काटेवाडीच्या धोतरांच्या पायघड्या

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून सणसरकडे निघते, तेव्हा वाटेत काटेवाडी लागते. इथे परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो. एरवी कमरेला नेसायचे पांढरे वस्त्र रस्त्यावर अंथरले जाते आणि पालखी त्यावरून पुढे जाते. गावोगावचे मळके कपडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धुतले, त्यांनीच हा मान जपावा, हे मला फार मोलाचे वाटते. त्यानंतर पालखीभोवती मेंढ्या धावतात, ते मेंढ्यांचे रिंगण. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला सोहळ्याचे पहिले गोल रिंगण.

धोतर म्हणजे सुमारे साडेचार मीटरचे बिनशिवलेले सुती कापड. एका नगाला ‘पान’ म्हणतात, दोन पानांची जोडी. कमरेला गाठ मारून एका टोकाच्या निऱ्या पुढे खोचायच्या, दुसरे टोक पायांमधून मागे नेऊन कासोटा घालायचा. मोकळा सोगा उचलून धरला की चिखलातही झपाझप चालता येते. आषाढाच्या वाटेवर वारकऱ्याला आणखी काय हवे? आता तरुण वारकरी पायजम्यात दिसतात. फडावरच्या जाणत्यांच्या अंगावर मात्र धोतरच.