ब्रेक दाबला, तरी चाक फिरते कसे?



मोटार जोरात चालली आहे. रस्ता पावसाने ओला आहे. समोर अचानक म्हैस आली! चालकाने घाबरून ब्रेक करकचून दाबला. चारही चाके जागच्या जागी अडकली. आता गाडी थांबेल, असं वाटतं ना? पण नाही! ती सर्रकन पुढे घसरत जाते. स्टिअरिंग डावीकडे वळवा, नाहीतर उजवीकडे. गाडी काही ऐकत नाही.

असे का होते? फिरणारे चाक रस्त्याला धरून चालते, म्हणून आपण वळवू तिकडे ते जाते. अडकलेले चाक नुसते फरफटते. त्याला दिशा देताच येत नाही.

यावर उपाय म्हणजे 'अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम', थोडक्यात 'एबीएस'. म्हणजे चाक अडकू न देणारा ब्रेक. अशी साधने आधी विमानांना बसवली गेली. पुढे १९७८ साली जर्मनीत बॉश आणि मर्सिडीज-बेंझ या कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक एबीएस मोटारीत आणले.

त्याचे तीन भाग असतात.

१) डोळा : चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्याजवळ लोहचुंबक असलेला सेन्सर असतो. एकेक दाता समोरून गेला की विजेचा बारीक ठोका उमटतो. चाक जितके जोरात, तितके ठोके भराभर.

२) मेंदू : एक छोटा संगणक हे ठोके मोजतो. एखाद्या चाकाचे ठोके एकदम मंदावले, की तो ओळखतो, हे चाक आता अडकणार!

३) हात : ब्रेकच्या नळीत तेल असते. त्या तेलाच्या दाबाने ब्रेक लागतो. संगणकाचा हुकूम झाला की झडप उघडते, दाब कमी होतो आणि चाक पुन्हा फिरू लागते. लगेच दाब परत वाढतो.

उतारावर गाडीवान कासरा ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो, तसेच हे. पण एका सेकंदात दहा-पंधरा वेळा! त्या वेळी ब्रेकचे पायडल पायाखाली थरथरते. घाबरून पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा. घरी कुणी गाडी चालवत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

करून पाहा : गुळगुळीत फळी चांगली तिरकी ठेवा. खेळण्यातल्या मोटारीच्या पुढच्या चाकांत कागदाचे बोळे खुपसून ती जाम करा आणि गाडी वरून सोडा. ती सरळ खाली घसरेल. आता फक्त मागची चाके जाम करा. गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने खाली येईल! हा प्रयोग फळीवरच करायचा हं, सायकलवर नाही.

आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले आहे.

पण एबीएस म्हणजे काही जादू नव्हे. सुट्या खडीवर किंवा भुसभुशीत मातीत अशी गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकते. आणि कितीही चांगला ब्रेक असला, तरी जोरात येणारी गाडी जागच्या जागी थांबत नाही. म्हणून मुलांनो, 'गाडीला ब्रेक आहे ना' असे म्हणून धावत रस्ता ओलांडू नका. आधी थांबा, दोन्हीकडे पाहा, गाडी जाऊ द्या, मगच पाऊल टाका.