पाइप नेमका कुठे फुटतो?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे आपण वर्गात शिकवतो. म्हणून थंडीत पाइप बर्फ झाला त्याच जागी फुटत असेल, असे आपण धरून चालतो. बहुधा तसे घडत नाही.

पाइपच्या सर्वांत गार भागात बर्फाचे बूच तयार होते. ते वाढत जाते, तसे पुढचे पाणी बंद नळाकडे रेटले जाते. पाणी दाबले तरी त्याचे आकारमान फारसे घटत नाही. मग दाब प्रचंड वाढतो आणि पाइप बर्फापासून दूर, कधीकधी उबदार जागीही फुटतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात असंख्य घरांचे पाइप फुटले. तिथली घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. पाइप माळ्यावरून, बाहेरच्या भिंतींतून नेलेले. त्यात वीज गेली.

अशा थंडीत नळ किंचित ठिबकत ठेवतात. आपल्याला ती नासाडी वाटेल, पण त्यामुळे साचलेल्या दाबाला वाट मिळते. पाइपवरचे आवरण उष्णता निर्माण करत नाही, गोठणे लांबवते एवढेच. घर बंद करून जायचे असेल, तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करणेच बरे.