रखरखत्या माळावरचा डोंबारी

मे महिन्यातली दुपार. सोलापूर किंवा माण तालुक्यातल्या उघड्या माळावर या वेळी मातीचा पृष्ठभाग 50 अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. गुराखीसुद्धा बाभळीखाली टेकलेला असतो. त्याच तापल्या मातीवर, एखाद्या ढेकळाच्या किंवा गवताच्या थोंबाच्या आडोशाला, चिमणीहून लहान पक्षी अंडी सांभाळत बसलेला असतो. हा डोंबारी, म्हणजे डोंबारी चंडोल.

नाव अगदी चपखल आहे. विणीच्या दिवसांत नर पंख थरथरवत सरळ आभाळात चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, मध्येच सावरून पुन्हा वर उसळतो आणि प्रत्येक सुरासोबत लांब शीळ घालतो. दोरीवरच्या कसरती आठवाव्यात असाच हा खेळ. नराचे पोट काळे, माथा राखी, गाल पांढरे. मादी मात्र मातकट. जमिनीला चिकटून बसली की चार पावलांवरूनही दिसत नाही. शास्त्रीय नाव लाभले 1786 मध्ये. फ्रेंच प्रवासी सोनेरा याने केलेल्या वर्णनावरून स्कोपोली या शास्त्रज्ञाने ते दिले, आणि त्या वर्णनातला पक्षी होता जिंजीचा. राजाराम महाराजांच्या जिंजीचाच.

इतक्या उन्हात हा जीव तगतो कसा? पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. माणसाच्या शरीराचे तापमान 37 अंशांच्या आसपास असते. ते 40 च्या वर गेले आणि रुग्ण बरळू लागला, की डॉक्टरांना उष्माघाताची शंका येते. पक्ष्यांचे नेहमीचे तापमानच 40-41 अंश. त्यामुळे हवा 38-39 अंशांपर्यंत तापली तरी त्यांच्या अंगातली उष्णता बाहेर पडत राहते. त्यापुढे मात्र चोच उघडून धापा टाकणे हाच मार्ग, आणि त्यात पाणी खर्च होते. डोंबारीचे खाणे म्हणजे बिया आणि किडे. बिया कोरड्या, त्यामुळे ओलाव्यासाठी किड्यांचा मोठा आधार. चंडोल कुळातल्या पक्ष्यांवर अरबस्तानच्या वाळवंटात आणि नेदरलँड्समध्ये तुलनात्मक अभ्यास झाला आहे. वाळवंटी चंडोलांचे शरीर विश्रांतीत ऊर्जा कमी जाळते आणि पाणीही कमी गमावते, असे त्यात दिसले. काही जाती तर दुपारी चक्क सरड्यांच्या बिळांत शिरून बसतात.

अंड्यांना मात्र कुठे जाता येत नाही. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, आत गवत आणि केसांचे अस्तर, कडेला बहुधा बारीक खडे. अंडी दोन किंवा तीन. अंडी उबवणे म्हणजे त्यांना ऊब देणे, ही आपली समजूत इथे भर दुपारी उलटी होते. अंड्यातला गर्भ 41 अंशांच्या वर फार वेळ टिकत नाही, म्हणून आई-बाप पाळीपाळीने अंड्यांवर स्वतःच्या अंगाची सावली धरतात. हे काम तेरा-चौदा दिवस चालते.

यात गोची अशी, की सावली धरणारा पक्षी उठला की अंडी थेट उन्हात पडतात. जवळ कुत्रा घुटमळला, शेळ्यांचा कळप रेंगाळला किंवा छायाचित्रासाठी कोणी घरट्यापाशी ठाण मांडले, तर थोडा वेळही पुरतो; अंडे न फुटता आतला जीव मरतो. भर दुपारी पायाजवळून हा पक्षी उडाला आणि थोड्या अंतरावर जाऊन बसून राहिला, तर घरटे शोधू नये. आल्या वाटेने लगेच मागे फिरावे.

डोंबारीची जात आज धोक्यात नाही, हे खरे. दक्षिण आशियाच्या कोरड्या प्रदेशात तो बऱ्यापैकी आढळतो, नांगरटीच्या कडेलाही तग धरतो. त्याचा माळ मात्र सरकारदरबारी ‘पडीक’ ठरतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांची जमीनही मोडते. पडीक म्हटले की तिचे काहीतरी ‘करावे’ लागते. मग चर खणले जातात, पावसाळ्यात रोपे लावली जातात, फोटो निघतात. हेतू चांगलाच असतो. पण डोंबारी झाडावर बसत नाही, झाडाखाली घरटेही करत नाही. त्याला मोकळी जमीन लागते, आणि झाडे वाढली की त्यांवर कावळे येऊन बसतात. अंड्यांवर त्यांची नजर असतेच.