काम आणि कसब (लेखांक ६) : वर्क ऑर्डर कुणाच्या नावावर?

गेल्या आठवड्यात आपण रोजगार हमीपाशी थांबलो होतो. वि. स. पागे यांनी मांडलेली, १९७२च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आणि १९७७च्या कायद्याने हक्क बनलेली ही योजना. तिने लाखो घरांची चूल पेटती ठेवली, हे तिचे मोठेपण निर्विवाद आहे. पण खडी फोडायला बसलेली बाई वर्षानुवर्षे खडीच फोडत राहिली. पाझर तलाव झाला, रस्ता झाला, तो करणाऱ्या हातांचे कसब मात्र जिथल्या तिथे राहिले. गरीब वस्तीसाठी होणारे सरकारी बांधकाम त्याच वस्तीतल्या माणसांची शाळा होऊ शकते का? पुण्यात पंचवीस वर्षांपूर्वी ते घडले, आणि घडले ते सार्वजनिक शौचालयांच्या कामातून.

तेव्हा पुण्यातली सुमारे दोन पंचमांश माणसे झोपडपट्ट्यांत राहत होती. १९९२ ते १९९९ या काळात त्यांच्यासाठी नवी शौचालये उभी राहिली ती जेमतेम दोन डझन. जी होती त्यांची कथा सगळ्यांना पाठ होती. ठेकेदाराने बांधायचे, बिल उचलायचे आणि निघून जायचे. पुढे दारे निखळायची, नळ कोरडे पडायचे, टाकी तुंबायची आणि बायका पहाटेच्या अंधारात नाल्याकाठी जायच्या. १९९९ साली महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी रीत बदलली. जागा, बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज पालिकेची. आराखडा, बांधकाम आणि नंतरची देखभाल स्वयंसेवी संस्थेची. निविदा पाहताना कमी दराबरोबरच देखभालीची हमीही तोलली गेली. कामाचा आढावा आठवड्याच्या आठवड्याला होई. दोन वर्षांत चारशेहून अधिक शौचालये उभी राहिली. त्यातली ११४ स्पार्क ही संस्था, जोकिन अर्पुथम यांचा झोपडीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि महिला मिलन यांनी मिळून बांधली.

महिला मिलनची सुरुवात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून झाली. रोजचे दोन-पाच रुपये साठवणारे बचतगट हा तिचा पाया. पुण्यातल्या अशाच गटांतल्या काही बायकांनी या कामाचे ठेके घेतले आणि माझ्या मते या सगळ्या प्रयोगाचे मर्म तिथेच आहे. बांधकामावर बाई दिसत नाही असे नाही. ती घमेले उचलते, वाळू चाळते, विटा वाहते, सिमेंटवर पाणी मारते. पण ती बिगारी असते. थापी आणि ओळंबा गवंड्याच्या हातात, आणि गवंडी बहुधा पुरुष. पोरगा बिगारी म्हणून लागला तर चार-सहा वर्षांत मिस्त्रीच्या शेजारी बसून भिंत उचलायला शिकतो. त्याच दिवशी, त्याच साइटवर लागलेली त्याची बहीण चाळिशीतही घमेलेच उचलत असते. तिला शिकवायचे नाही असे कुणी ठरवलेले नसते, तशी गरजच कुणाला वाटत नाही. इथे मात्र ती ठेकेदार होती. गवंड्याला कामावर ठेवणारी, आखणी बरोबर झाली का हे पाहणारी, सिमेंटच्या गोण्या मोजून घेणारी. स्पार्कचे अभियंते आणि वास्तुविशारद सोबत होते, निर्णय मात्र तिलाही घ्यावे लागत.

शिकण्यासाठी शौचालयासारखे काम नाही, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण बांधकाम जाणणाऱ्याला लगेच पटेल. इमारत लहान, तरी तिच्यात सगळे येते. पाया, जोते, विटांची भिंत, स्लॅब, गिलावा, फरशी, नळजोडणी, वीज, पाण्याची टाकी आणि सर्वांत नाजूक म्हणजे मैलावाहिनीचा उतार. उतार कमी पडला तर मैला पाइपातच बसतो आणि महिन्याभरात सगळे तुंबते. म्हणून पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने दोन टोकांची उंची ताडून पाहायला शिकावेच लागते. तिथे चूक झाली तर ती सगळ्या वस्तीला कळते. आणि ज्यांना ती सोसावी लागणार, त्याच बांधणाऱ्या असल्या तर काम जपूनच होणार.

शिवाय या बायकांकडे असे ज्ञान होते, जे कुठल्याही आराखड्यात सापडले नसते. रांगेत उभ्या असलेल्या लहान मुलाला मोठी माणसे मागे ढकलतात. मग ते बाहेरच, गटाराकाठी बसते. मोठ्या भांड्यात पडण्याची भीती वाटते, अंधाऱ्या बंद खोलीचीही वाटते. म्हणून नव्या शौचालयांत मुलांसाठी वेगळी जागा आली. भांडी लहान, तोल जाऊ नये म्हणून धरायला कडी. पुरुष आणि बायकांची दारे वेगळी, रांगाही वेगळ्या. पाणी दिवसभर पुरावे म्हणून मोठ्या टाक्या. काही ठिकाणी राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली, त्यामुळे पगाराचा भार हलका आणि राखणही चोवीस तास. काही ठिकाणी वर सभागृह, म्हणजे बैठकींच्या निमित्ताने लोकांची ये-जा राहते आणि खाली घाण साचू दिली जात नाही. घरटी पास महिन्याला सुमारे वीस रुपये होता. त्या काळी एका वेळेला एक रुपया मोजणाऱ्या पाच माणसांच्या घराला हाच खर्च महिन्याला दीडशेवर जाई. हा हिशेब बायकांनी बोटांवर केला होता आणि तो बिनचूक होता.

खरी कसोटी मात्र विटा-वाळूत नव्हती, कागदात होती. सरकारी कामासाठी आधी बयाणा रक्कम भरावी लागते, मग सुरक्षा अनामत. वर्क ऑर्डर हातात आली की सिमेंट, स्टील, मजुरी हे सारे स्वतःच्या खिशातून. काम एका टप्प्याला पोहोचले की कनिष्ठ अभियंता येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करणार, त्यावरून बिल बनणार, ते अनेक टेबलांवरून फिरणार आणि मग पैसे येणार. मुरलेल्या ठेकेदाराला हा उशीर झेपतो. त्याच्यामागे सावकार असतो, बँक असते, दुसऱ्या साइटचे बिल असते. बचतगटाच्या बाईला शनिवारी गवंड्याचा पगार द्यायचा असतो. तिच्या गटात ती रक्कम नसतेच. पुण्यात हे जमले, कारण मधला आर्थिक भार संस्थेने पेलला. पायाच्या खोदाईचे किती घनमीटर लिहिले, भिंतीतून दारा-खिडक्यांची मापे वजा झाली का, गिलाव्याचे चौरस मीटर बरोबर आहेत का, हे वाचता येणे म्हणजे आपल्याच कामाचे मोल वाचता येणे. कुठल्याही कौशल्यवर्गात हा धडा मी पाहिलेला नाही, आणि तो नसल्याचे मला फार वाईट वाटते.

आजच्या प्रशिक्षणाकडे या नजरेने पाहा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत जुन्या कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. अनुभवाला कागद मिळतो, ते चांगलेच, पण त्या कागदामागून काम आपोआप येत नाही. त्याहून मला आशेचे वाटते ते प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातले गवंडी प्रशिक्षण. ते ४५ दिवसांचे असते आणि वर्गात नव्हे, तर कुणा लाभार्थ्याच्या खऱ्याखुऱ्या घरावर चालते. शिकणाऱ्याची भिंत पाडून टाकली जात नाही, तिच्याआड एक कुटुंब राहायला जाते. बायकाही त्यात शिकून गवंडी होऊ शकतात. मात्र घर पूर्ण झाले की प्रशिक्षण संपते. पुढचे घर, शाळेची भिंत, गावातले गटार यांची वर्क ऑर्डर पुन्हा जुन्याच ठेकेदाराकडे जाते आणि नवा गवंडी पुन्हा मजूर अड्ड्यावर येऊन उभा राहतो.

महाराष्ट्रात यावर एक उपाय फार पूर्वीच लिहून ठेवलेला आहे. छोट्या सरकारी कामांचा ठरावीक वाटा मजूर सहकारी संस्थांसाठी आणि काही वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखण्याची पद्धत आहे. मजुरांनीच ठेका घ्यावा आणि नफा वाटून घ्यावा, हा विचार पुण्यातल्या प्रयोगाचाच थोरला भाऊ. पण कित्येक ठिकाणी सभासदांच्या यादीतल्या मजुराला आपण सभासद आहोत हेही ठाऊक नसते आणि संस्थेच्या नावाने काम करतो तो नेहमीचाच ठेकेदार. राखीव वाटा कागदावर पुरा होतो. तोच वाटा वस्तीतल्या, हिशेब उघडा ठेवणाऱ्या बचतगटांना मिळाला, बयाण्याची अट सैल झाली आणि बिल पंधरवड्याच्या आत देण्याचे बंधन आले, तर पुण्यात एका आयुक्ताच्या इच्छेवर उभे राहिलेले काम नियम म्हणून उभे राहू शकेल. वस्तीत दरवर्षी काही ना काही बांधले जातेच. फरसबंदी, पावसाळी गटार, अंगणवाडीची खोली, समाजमंदिर. ही छोटी कामे बाहेरून माणसे आणून करावीत, याला माझ्या लेखी काही कारण नाही.

ठेका आपल्या नावावर असण्याचा आणखी एक फायदा आहे आणि पुढचा लेखांक त्यावरच असेल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचे तर वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. शिष्यवृत्ती, प्रसूतीसाठी मदत, अपघात झाला तर घरच्यांना आधार, हे सारे त्या नोंदणीनंतरचे. जिने वर्षभरात दहा मुकादमांकडे दोन-दोन, चार-चार दिवस काम केले, तिला हा दाखला कोण देणार? नव्वद दिवस भरले असतात, पण मोजायला कुणी नसते. वस्तीतल्याच गटाच्या हजेरी पटावर तिचे नाव असेल, तर दाखल्यावर सही कुणाची, हा प्रश्नच उरत नाही. मंडळाकडे जमा होणारा उपकर कुठून येतो आणि तो या बाईपर्यंत पोहोचताना कुठे अडतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू.