ट्रॉलीची उंची आणि आपली हाडं

दिवाळी आटोपली की सौताड्याचा घाट उतरून ट्रॅक्टर जामखेडकडे येऊ लागतात. ट्रॉलीत खाली धान्याची पोती, त्यावर भांडी, सरपण, कोपीचं सामान, एखादी शेळी आणि सगळ्यात वर माणसं, लेकरांसकट. ही ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. सरकारी दवाखान्यात रात्रपाळी असली की या दिवसांत माझा कान रस्त्याकडेच असतो.

ट्रॉली उंच असते ती उगाच नव्हे. बांध ओलांडताना, ओल्या रानात चाक रुतल्यावर तळ टेकू नये म्हणून ती जमिनीपासून वर हवीच. रानात सोयीची असलेली ही उंची रस्त्यावर मात्र महागात पडते. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि एकूण वजनाचा मध्य एक मीटर उंचीवर धरला, तर ट्रॉली साधारण 37 अंश कलेपर्यंत तग धरते. तोच मध्य दीड मीटरवर गेला की 27 अंशांतच उलटते. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात टायर दबतात, पाटे झुकतात, माल सरकतो आणि वळणावरचा वेग उरलेलं काम करतो. म्हणून जड पोती तळाशी हवीत. माणसं तर ट्रॉलीत बसवूच नयेत. कायद्यालाही ते मान्य नाही. पण मुकादमाने वेगळी गाडी दिली नाही तर या बायामाणसांनी जायचं कसं, याचं उत्तर डॉक्टरकडे नाही.

हुकाचंही तसंच. दोनचाकी ट्रॉलीत वजन चाकांच्या किंचित पुढे असावं. फार मागे गेलं तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली डावी-उजवीकडे झोलू लागते. फार पुढे आलं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ट्रॅक्टरने थांबायचं म्हटलं तरी मागचं ओझं ढकलतच राहतं. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणं म्हणूनच जिवावर बेततं. खालचा गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकावा.

मोटारसायकलवाल्यांना या उंचीचा वेगळाच धोका. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून धडक बसली तर गाडी खाली शिरते आणि लोखंडी कड थेट छातीवर किंवा तोंडावर येते. मागे लाल रिफ्लेक्टर लावायला फार खर्च येत नाही.

ट्रॉली उलटलीच तर? छाती दबली असेल तर क्षणही न दवडता ओझं हटवा. मांडी किंवा पाय तासाभराहून अधिक दबलेला असेल तर मात्र ओढाओढ करू नका. चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम सुटकेबरोबर एकदम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं. पुढे मूत्रपिंडंही निकामी होतात. अशा वेळी ओझं उचलण्याआधीच सलाईन सुरू व्हावं लागतं. वरून पडलेल्याला हातापायाला धरून उचलू नका. मान सरळ ठेवा आणि जागेवरून हलवावंच लागलं तर फळीवर घ्या. 108 ला फोन करताना माणूस किती वाजल्यापासून अडकला आहे ते आधी सांगा. दवाखान्यात आमचा पहिला प्रश्न तोच असतो.