पोहरादेवीची गादी
कुठे : मानोरा तालुका, जिल्हा वाशीम. बंजारा समाजाची काशी.

सेवालाल महाराज : बंजारा समाजाचे संत. जयंती १५ फेब्रुवारी, जन्मवर्ष १७३९ मानले जाते. वडील भीमा नाईक, आई धरमणी. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्या लमाण (बंजारा) तांड्यांना त्यांनी सदाचाराची शिकवण दिली. समाधी पोहरादेवीत.

रामराव महाराज : या पीठाचे महंत. तांड्या-तांड्यांत फिरून व्यसनमुक्ती आणि शिक्षणाचा आग्रह धरला. ३० ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत निधन, समाधी पोहरादेवीतच.

यात्रा : रामनवमीला. महाराष्ट्रासह तेलंगणा, कर्नाटकातूनही भाविक येतात. येथील जगदंबा देवीचे दर्शन, भोग, पांढरा ध्वज.

नवी भर : नंगारा या वाद्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय. उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४.